जिल्ह्याहून थोरली गाडी

हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा सारा मुलूख परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि तेव्हा इथल्या गाड्यांच्या पाट्यांवर परभणीचा 'एमएच २२' हा क्रमांक पडत असे. हिंगोलीचा स्वतःचा 'एमएच ३८' त्यानंतरचा. आजही वसमतच्या किंवा कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी उभ्या वाहनांच्या रांगेत 'एमएच २२'ची एखादी जुनी मारुती ८०० दिसते. रंग उन्हाने उडालेला, बंपरला तार गुंडाळलेली, मागच्या सीटवर बियाण्याच्या पिशव्या आणि काचेजवळ नागनाथाचा छोटासा फोटो. अशी गाडी कित्येकदा वयाने जिल्ह्याहूनही थोरली असते. जिल्ह्याला मुख्यालय मिळाले, कचेऱ्या मिळाल्या, मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. गाडी मात्र तीच आहे आणि चालते आहे.

ती कोणाच्या जिवावर चालते, हा आजचा विषय आहे.

शहरात जुन्या मोटारींचे कौतुक वेगळे असते. तिथे त्यांना 'व्हिंटेज' म्हणतात, त्यांच्या मिरवणुका निघतात. इथली जुनी गाडी ही हौस नसून सोय आहे. नव्या मोटारसायकलला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात किंवा त्याहून कमी पैशांत पंचवीस वर्षांची मारुती मिळते. मोटारसायकलवर दोघे बसतात. घरात माणसे पाच-सहा असतात. रात्री अकराला म्हातारीच्या छातीत कळ आली, शेवटची एस. टी. केव्हाच निघून गेली आणि नांदेड गाठायचे आहे, अशा वेळी दारातली खटारा गाडी हाच त्या वस्तीचा दवाखाना असतो. ती एका हाकेत सुरू होते की नाही, यावर माणसाचा जीव अवलंबून राहतो. म्हणून तिच्या दुरुस्तीचा प्रश्न हा केवळ मोटारवेड्यांच्या गप्पांचा प्रश्न राहत नाही.

मारुती ८०० पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी, आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४मध्ये. तीस वर्षे एकाच नावाची गाडी निघत राहिली, याचा एक फायदा फारसा कोणी बोलून दाखवत नाही. तिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळू लागले आणि तिची नाडी ओळखणारे हात गावोगाव तयार झाले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन. जुन्या नमुन्यात साधा कार्बोरेटर. बॉनेट उचलले की प्लग कुठे, बॅटरी कुठे, पट्टा कुठला, हे सारे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. तिच्याआधी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटने, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीने, मराठी मध्यमवर्गाला हेच शिकवले होते. रविवारी सकाळी जुना बनियन घालून बॉनेटखाली डोके घातलेले वडील आणि शेजारी हातात पाना धरून उभा असलेला मुलगा, हे चित्र एका पिढीच्या चांगल्या आठवणींपैकी आहे. आपल्या जिल्ह्यात ते अजून आठवणीत जमा झालेले नाही. लिंबाच्या झाडाखाली ते आजही पाहायला मिळते.

या कामाला आपल्याकडे एक जुना आणि नेमका शब्द आहे: निगा. शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. बैलगाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. आस कोरडा पडून कुरकुरू लागण्याआधीच गाडीवान वंगण घाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात. वर्षभर जुवाखाली घासलेली कातडी बघायची, कुठे सूज आहे का ते चाचपायचे, हा त्या विधीतला शहाणपणा. बैलाच्या जागी यंत्र आले. विधीही आला; दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हिंगोलीचा दसरा तर मराठवाड्यात नावाजलेला. पण हार बॉनेटवर चढतो आणि बॉनेट बंदच राहते. पोळ्याला आपण खांदा चाचपत होतो, दसऱ्याला ब्रेक चाचपतो का?

निगेसाठी पदविका लागत नाही. थोडी नियमितता लागते आणि आपल्या मातीची, पाण्याची ओळख लागते. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. त्या पाण्याने माठाला जसा पांढरा थर धरतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांतही धरतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडी घाटात गरम होते. लोक इंजिनाला दोष देतात; दोष पाण्याचा असतो. शुद्ध पाणी आणि कूलंट वापरले तर हे दुखणे येतच नाही. बॅटरीतही डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, नळाचे नाही. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. सोयाबीनच्या मळणीच्या आणि हळदीच्या दिवसांत ती एअर फिल्टरमध्ये गच्च बसते. इंजिनाला श्वास घेता येत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि धूर काळा होतो. फिल्टर काढून झटकायला दहा मिनिटे पुरतात, आणि नवा घ्यायचा तरी तो घरखर्चात बसतो. गाडी 'मिसिंग' मारू लागली तर आधी प्लग काढून त्याचे तोंड बघावे. ते कोरडे काजळी धरलेले असेल तर पेट्रोल जास्त येते आहे. तेलकट असेल तर इंजिन ऑइल खाते आहे. एवढे वाचता आले तरी मिस्त्रीकडे जाताना माणूस आंधळा राहत नाही.

आणि उंदीर! गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी असते, आणि उंदरांना वायरींचे आवरण फार प्रिय. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून टोचन करून तालुक्याला नेलेल्या गाड्यांत कुरतडलेली वायर निघावी, हे काही नवल राहिलेले नाही. गाडी आठवड्यातून एकदा सुरू करावी, बॉनेट उघडून आत नजर टाकावी, हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१४१९' म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे होते, हे त्या आकड्यांवरून कळते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. तेच ऑइल वर्षानुवर्षे राहिले की उतारावर ब्रेक सतत दाबल्यावर ते तापते आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. ते दोन वर्षांनी बदलावे लागते, हे किती गाडीमालकांना ठाऊक आहे?

इथेच एक लक्ष्मणरेषा आखायला हवी. निगा आणि जुगाड यांची आपण गल्लत करतो, आणि वर त्या जुगाडाचे कौतुकही करतो. बंपर तारेने बांधला तर कोणाचे बिघडत नाही. पण ब्रेकची फुटलेली नळी टेपने गुंडाळणे, सुकाणूचा सैल झालेला सांधा ठोकून बसवणे, फ्यूज जळतो म्हणून त्या जागी तांब्याची तार घालणे, हे जुगाड जीव घेतात. आणि स्वयंपाकाचा सिलिंडर मागच्या सीटखाली ठेवून त्यावर गाडी चालवणे हा तर उघड गुन्हा आहे. तशा गाडीत लेकरांना बसवणारा माणूस स्वस्ताई करत नाही, जुगार खेळतो. घरी काय करायचे आणि काय मिस्त्रीवर सोपवायचे, हे ओळखणे हा स्वतः दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला गुण. तेल, पाणी, हवा, प्लग, फिल्टर, पट्टा, दिवे हे आपले. ब्रेक, सुकाणू, गॅस आणि इंजिनाचे पोट हे जाणत्याचे. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली, आधाराला घोडी लावल्याशिवाय, कोणीही जाऊ नये.

आता सरकारचे धोरण या निगेकडे कसे बघते ते पाहू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. एक हिशेब मांडू. १९९७ साली नोंदलेल्या मारुतीची मुदत २०१२ साली संपली; मग २०१७, मग २०२२. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरील मोटारीची नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० केली. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० झाली. म्हणजे २०२७मध्ये हीच गाडी दारात आली की मालकाला दहा हजार मोजावे लागतील, वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. ज्या गाडीची किंमत चाळीस-पन्नास हजार, तिला हा आकडा लहान नाही. २०२१च्या मोडीत काढण्याच्या धोरणामागचा हेतू समजण्यासारखा आहे. जुनी गाडी धूर जास्त सोडते, तिच्यात सुरक्षेची साधने नाहीत, हे खरे आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली कार्बोरेटरची गाडी नव्या बीएस-६ गाडीच्या पासंगालाही पुरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जिथे लाखो गाड्या एकाच हवेत श्वास सोडतात तिथे कडक नियम लागणारच.

पण फी वयावर लागते आणि धूर निगेवर ठरतो. आठवड्यातून दोनदा सेनगावहून हिंगोलीला येणारी, वेळेवर ऑइल बदललेली जुनी गाडी आणि तीच गाडी बेदरकार वापरलेली, या दोघींना धोरण एकाच मापाने मोजते. नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते खरी, पण ती पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात ब्रेक कसे आहेत, हे विचारणारे कोणी नाही. ब्रिटनमध्ये १९६०पासून गाड्यांची सक्तीची तपासणी आहे; आज तिथे तीन वर्षांची झालेली मोटार दरवर्षी तपासून घ्यावी लागते. ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू, धूर, एकेक गोष्ट तपासली जाते. पास झाली तर चालवा, नाही तर दुरुस्त करून आणा. आपल्याकडेही पाच वर्षांनी मोठी रक्कम उकळण्याऐवजी दरवर्षी थोड्या पैशांत कडक तपासणी केली, तर तिजोरीचे फार नुकसान होणार नाही आणि रस्त्यावरचे जीव वाचतील. निगा राखणाऱ्याला बक्षीस आणि न राखणाऱ्याला धाक, हा न्याय लोकांना पटेल.

नव्या इंधनाने निगेची गरज आणखी वाढवली आहे. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. काही जुन्या गाड्यांतले रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही त्याच वर्षी सांगितले. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर त्रास ठरलेला. गंमत अशी की, ज्याच्या शेतातला ऊस इथेनॉलच्या वाटेने जातो, त्याच्याच दारातल्या गाडीची नळी मऊ पडते. त्याने भाव घ्यावाच. पण पेट्रोलची नळी दाबून बघण्याची सवयही लावून घ्यावी. फुगलेल्या नळीतून ठिबकणारे पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

दुसरे संकट उलट बाजूने येते आहे. नव्या गाड्यांचे बॉनेट उघडते, पण आत हात घालायला जागा नाही, आणि बिघाड काय हे संगणकाला विचारावे लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात न देणे, दुरुस्तीची माहिती आणि अवजारे बाहेरच्या गॅरेजांना नाकारणे, हा त्यांच्यावरचा ठपका. पुढे अपिले झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारीही आहेत आणि शेतीची अवजारेही. हा हक्क दिल्ली-मुंबईच्या ग्राहकापेक्षा हिंगोलीच्या ग्राहकाला अधिक लागतो. शहरात कंपनीचे सेवाकेंद्र चौकाचौकात आहे. इथे ते जिल्ह्याबाहेर असू शकते, आणि तिथवर न्यायलाच गाडी चालू असावी लागते.

जिल्ह्यात बसून काय करता येईल? आयटीआयत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तिथल्याच कार्यशाळेत, रविवारच्या चार सकाळी, गाडीमालकांसाठी एक वर्ग का भरू नये? चाक बदलणे, ऑइल बघणे, प्लग साफ करणे, टायरचे वय वाचणे, ब्रेकच्या तक्रारी ओळखणे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. त्यात मुली आणि गृहिणी आवर्जून असाव्यात. रात्री अकराला घरात पुरुष असेलच असे नाही. परिवहन कार्यालयाने हेल्मेटचे धडे द्यावेत, त्याबरोबर हेही द्यावेत. सोप्या मराठीत, चित्रांसह एक पुस्तिका निघावी. मिस्त्रींचेही यात नुकसान नाही. ज्याला गाडी कळते तो गिऱ्हाईक वेळेवर येतो आणि चांगल्या कामाचे पैसे खळखळ न करता देतो.

येत्या दसऱ्याला गाडी धुऊन झाली, हार आणला, नारळ आणला, की एक गोष्ट जास्तीची करावी. हार घालण्याआधी बॉनेट उचलावे. ऑइलची पट्टी ओढून पुसावी, पुन्हा घालून पातळी बघावी. नळ्या दाबाव्यात. ब्रेक ऑइलच्या डब्याकडे बघावे. शेजारी पोराला उभे करावे, पोरगीलाही. दहा मिनिटे लागतील. मग बॉनेट बंद करावे आणि हार घालावा. तोवर पूजा निम्मी झालेली असेल.