सेन्सर कापू नका!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलच्या भित्तिपत्रकावर मी दोन ओळी लावल्या होत्या : ‘वॉटर कूलर आठ दिवस बंद.’ नवीन निवडून आलेली मेस सेक्रेटरी माझीच मैत्रीण. ती जाम भडकली. “आठ नाही, पाच दिवस! तू मुद्दाम मला बदनाम करतेस.” आकडा माझाच चुकला होता. वाद नको म्हणून मी कागदच काढून टाकला. कूलर मात्र बंदच राहिला.

त्यानंतर २०१७ सालच्या अमेरिकेबद्दल वाचताना मला हा कूलर सारखा आठवत होता. डोनाल्ड ट्रम्प निवडून आले होते, शपथ व्हायची होती. ११ जानेवारीच्या पत्रकार परिषदेत सीएनएनच्या वार्ताहराला ‘तुम्ही फेक न्यूज आहात’ असं सुनावून त्यांनी त्याचा प्रश्नच घेतला नाही. २० तारखेला शपथविधी झाला. दुसऱ्याच दिवशी प्रेस सेक्रेटरी शॉन स्पायसर यांनी पत्रकारांना झापलं. म्हणे, शपथविधीला आजवरची सर्वांत मोठी गर्दी होती आणि तुम्ही ती कमी दाखवलीत!

आपण इंजिनिअर, आपण रीडिंग बघणार. त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वॉशिंग्टन मेट्रोतून १ लाख ९३ हजार प्रवास झाले. ओबामांच्या २००९ च्या शपथविधीला त्याच वेळेपर्यंत ५ लाख १३ हजार. खरं तर यात कमीपणा कसला? वॉशिंग्टन हा डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला, गर्दी कमी असणारच. पण २२ तारखेला सल्लागार केलीअ‍ॅन कॉनवे यांनी टीव्हीवर सांगितलं की स्पायसर यांनी ‘पर्यायी तथ्यं’ मांडली. १७ फेब्रुवारीला तर ट्रम्प यांनी ट्विट करून बड्या वृत्तसंस्थांना अमेरिकन जनतेचे शत्रूच ठरवून टाकलं.

मीडिया तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? २०१६ च्या मतदानाच्या दिवशी हिलरी क्लिंटन जिंकण्याची शक्यता न्यूयॉर्क टाइम्स ८५ टक्के सांगत होता आणि हफिंग्टन पोस्ट ९८! शपथविधीच्याच दिवशी टाइम मासिकाच्या वार्ताहराने ओव्हल ऑफिसमधला मार्टिन ल्यूथर किंग यांचा अर्धपुतळा हलवल्याची बातमी दिली. पुतळा जागेवरच होता. पण त्याने चूक जाहीरपणे दुरुस्त केली, माफी मागितली. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

मग राष्ट्राध्यक्षाने उलट बोलूच नये का? जरूर बोलावं, आकडे देऊन बोलावं. पण दार बंद करणं वेगळं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइट हाउसने सीएनएनच्या त्याच वार्ताहराचा पास काढून घेतला. कोर्टाने तो परत द्यायला लावला, आणि सीएनएनला चक्क त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याने, फॉक्स न्यूजने, पाठिंबा दिला. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, २०२५ मध्ये, ‘गल्फ ऑफ मेक्सिको’ हे नाव सोडलं नाही म्हणून असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांना ओव्हल ऑफिसबाहेर ठेवण्यात आलं.

कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण काय शिकतो? सेन्सर चुकीचं रीडिंग देत असेल तर तो कॅलिब्रेट करायचा. वायर कापायची नाही. फीडबॅक गेला की सिस्टिम ओपन लूप होते. मग आउटपुट कितीही भरकटलं तरी कंट्रोलरला पत्ताच लागत नाही. खुर्चीवरच्या माणसाचं तेच होतं, मग ती व्हाइट हाउसमधली असो की मेस कमिटीची.

आणि वायर प्रत्येक वेळी खुर्चीवालाच कापतो असंही नाही. त्या दिवशी ती मी स्वतःच कापली होती. ‘आठ’ खोडून ‘पाच’ लिहायला हवं होतं, आणि कागद तिथेच ठेवायला हवा होता.

या सेमिस्टरला तसंच करणार आहे. मैत्रीण चिडली तर कॅन्टीनमध्ये कटिंग पाजेन, पण कागद काढणार नाही.