अकरावीतील महाविद्यालयीन पाठ : आक्षेप आणि उत्तर

उच्च माध्यमिक वर्गात शिकत असतानाच विद्यार्थ्याने पदवीच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय पुरा करावा आणि त्याचे श्रेयांक, म्हणजे अध्ययनाच्या तासांवरून ठरणारे माप, पुढे पदवीत धरले जावे, या कल्पनेला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात : कोवळ्या वयाला हे ओझे पेलणार नाही, आणि ही श्रीमंतांच्या मुलांची चैन आहे.

पहिला आक्षेप शाळा आणि महाविद्यालय यांच्यातील सीमारेषा निसर्गदत्त मानतो, आणि तिथेच तो फसतो. जी अकरावी महाराष्ट्रात ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणवते, तीच नवापूरची हद्द ओलांडून सुरतेकडे गेले की शाळेचा वर्ग ठरते. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तर 1856 पर्यंत शाळा आणि महाविद्यालय एकत्रच नांदत होते. शिवाय, अभियांत्रिकी प्रवेशाच्या शिकवणीत त्याच वयाची मुले दोन वर्षे घाण्याला जुंपली जातात, तेव्हा कोवळेपणाची आठवण फारशी कोणाला होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था 1955 पासून चालवत असलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या अशाच योजनेत प्रत्येक विषयाच्या परीक्षेला शुल्क पडते, आणि भारतात ती प्रामुख्याने महागड्या शाळांतच आढळते, हे खरे. परंतु यावरून योजना टाकाऊ ठरत नाही, तिचे दार चुकीच्या बाजूला उघडले आहे एवढेच ठरते.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे यंत्रमागांवर राबतात आणि त्यांची अनेक मुले मराठी माध्यमात शिकतात. महाविद्यालयात पाऊल टाकताच भाषा बहुधा गुजराती किंवा इंग्रजी होते, अध्यापनाची रीत बदलते, आणि घरात विचारावे असे पदवीधर माणूस नसते. अकरावीला रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज शिकलेल्या अशा मुलाला परिव्यय-लेखांकन, म्हणजे वस्तूच्या उत्पादनखर्चाचा हिशेब, हा पदवीचा विषय दिला, तर सूत, वीज आणि मजुरी मिळून मीटरमागे कापड किती रुपयांना पडते हे तो मांडू शकेल. ज्या मीटरवर बापाची मजुरी मोजली जाते, त्याच मीटरचा हा हिशेब असल्याने विषय त्याला परका वाटणार नाही. महाविद्यालयाची धास्ती शाळेच्या आधारात असतानाच मोडणे, हा या पद्धतीचा खरा लाभ होय. वेळेची बचत दुय्यम.

व्यवस्थेची चौकट तयार आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक मिळतो, बारावी चौथ्या स्तरावर आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचारवर आहे, म्हणजे अंतर अर्ध्या पायरीचेच. मद्रास आयआयटीच्या ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रमाची पात्रता-परीक्षा अकरावी झालेला विद्यार्थीही देऊ शकतो, आणि तिच्याआधी त्याला प्रत्यक्ष अभ्यासक्रमातील चार आठवड्यांचे पाठ पुरे करावे लागतात.

वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाने आपल्या वाणिज्य महाविद्यालयांतील प्राध्यापक पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पाठवून असा एक विषय विनाशुल्क सुरू करावा, आणि त्याच्या प्रवेशासाठी दहावीच्या टक्क्यांची अट मुळीच घालू नये.