शाई कोण भरणार?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी कराडच्या बाजारपेठेत, स्टेशनरीच्या एका दुकानात मी तब्बल पाऊण तास उभी होते. समोर काचेवर दोन फाउंटन पेनं. दोन्ही पाचशेच्या आतली, किमतीत फरक फक्त २० रुपयांचा! ऑफिसात लाखालाखांची कोटेशन्स मी चहा पिता पिता क्लिअर करते. इथे मात्र गाडी अडली ती अडलीच.

कारण पेन माझ्यासाठी नव्हतं. आण्णांसाठी होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. ३६ वर्षं झेडपीच्या शाळेत मास्तर. कराडला लागूनच मलकापूर, तिथे आगाशिवनगरात आमचं घर. मी पुण्यात. दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा सौम्य झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. चालायला लागले, बोलायला लागले, पेपरवाल्याशी भांडायलाही लागले. उजव्या हाताची पकड तेवढी सैल राहिली.

मग एकदा पेन्शन काढायला बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्लिप परत सरकवली. ‘काका, सही जुळत नाही. अंगठा द्या.’ आणि स्टॅम्प पॅड पुढे केलं. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा, नियम तो नियम. पण ज्या माणसाने गावोगावच्या पोरांचा हात धरून अ-आ-इ गिरवून घेतलं, त्याला अंगठा? आण्णा पैसे न काढताच घरी आले. आई फोनवर म्हणाली, ‘दोन दिस झालं, कुणाशी बोलंनात.’

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं, रोज एक पान लिहा. बॉलपेनने अर्ध्या पानातच आण्णांचा हात दुखायला लागायचा. साहजिक आहे. बॉलपेनची शाई घट्ट असते, गोळी फिरायची तर कागदावर दाब द्यावा लागतो. फाउंटन पेनची शाई पाण्यासारखी पातळ. निबच्या बारीक चिरेतून ती आपसूक खाली उतरते. निब नुसतं टेकवलं की अक्षर उमटतं. म्हणून फाउंटन पेन. इथवर माझं डोकं बरोबर चाललं होतं.

आता ते दोन पर्याय. पहिलं पेन जाडजूड, मार्बल डिझाइनचं. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची. आण्णा शाळेत असताना अगदी असंच वापरायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावरचा निळा डाग ही माझ्या लहानपणीची त्यांची ओळख! दुसरं पेन बारीक, गुळगुळीत, कॉर्पोरेट दिसणारं. आत कार्ट्रिज. शाई संपली की जुनं काढा, नवं दाबून बसवा, संपलं काम.

तुम्ही काय घेतलं असतं? मी पहिलं घेतलं. कारणंही तयार होती. जाड पेन धरायला सोपं. ड्रॉपरच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर शाई मावते, छोट्या कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरसुद्धा नाही. शिवाय बाटलीतली शाई किती स्वस्त पडते! त्यात आपल्याकडच्या शाईचा इतिहासही मला आठवला. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली. मुंबईच्याच एअरमेलची ड्रॉपरची पेनं तर आज परदेशातले शौकीन हौसेने मागवतात. म्हटलं, आण्णांना आवडेल. खरं सांगू? मलाच आवडलं होतं.

घरी आल्यावर आण्णांनी पेन हातात फिरवून बघितलं. हसले. मग शाई भरायला बसले. झाकण आट्यांचं, ते डाव्या हाताने कसंबसं फिरवलं. निबचा भाग उघडला. एका हातात नळी, दुसऱ्यात ड्रॉपर, आणि ड्रॉपर धरलेला हात थरथरतोय. चार थेंब आत, सहा थेंब टेबलावर. आईने न बोलता फडकं आणलं. आण्णांनी ड्रॉपर खाली ठेवला आणि पेन माझ्याकडे सरकवलं. बँकेतल्या स्लिपसारखं.

मी पटकन म्हणाले, ‘आण्णा, दर शनिवारी मी येतेच की. मी भरून ठेवत जाईन.’

‘आन् बुधवारी संपली म्हंजे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई शेजारीच उभी होती, ती भरून देईलच. पण प्रश्न शाईचा नव्हताच ना. अंघोळीला मदत, शर्टाच्या गुंड्यांना मदत, गोळ्यांच्या डबीला मदत. लिहायलाही कुणाची तरी वाट बघायची?

रविवारी सकाळी पुन्हा कराड. एकदा शाई भरलेलं पेन दुकानदार परत कसं घेणार! मग दुसरं पेन घेतलं, कार्ट्रिजची दोन पाकिटं घेतली. बारीक पेनावर चढवायला रबराची जाड ग्रिपही तिथेच मिळाली, मुलांच्या पेन्सिलीला लावतात ती. आण्णांनी टोपण ओढून काढलं, नळी उघडली, कार्ट्रिज टेबलावर उभं धरलं आणि वरून पेन दाबलं. टक् असा आवाज आला. दोन मिनिटं लागली असतील. आम्ही दोघी मुद्दाम स्वयंपाकघरात होतो, पण कान तिकडेच!

निघताना मी म्हणाले, ‘म्हणजे आता शाई भरायला यायला नको मी.’

‘शाई भराय कशाला येतीस? तशीच ये की.’

जुनी सही काही जशीच्या तशी परतणार नाही, हे आण्णांनीच मान्य केलंय. नवी, सुटसुटीत सही बसवतायत. ती रोज सारखी यायला लागली की बँकेत नवा नमुना द्यायचा, असं ठरलंय. वहीची चौदा पानं झाली.

ड्रॉपरचं पेन आता माझ्या ऑफिसच्या डेस्कवर आहे. शाई कमी उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर टपकन थेंब पडतो, हे मीटिंगमध्येच कळलं. तुमच्याकडे असं पेन असेल तर शाई तळाला जायच्या आत भरत जा.

गेल्या बुधवारी दुपारी आण्णांचा फोन आला. एरवी ते स्वतःहून कधी करत नाहीत. मी घाबरून बाहेर जाऊन उचलला.

‘संपली हुती,’ ते म्हणाले. ‘बदलली.’ आणि फोन ठेवून दिला.