हिरड्यांचा लगाम

ब्रश करताना रक्त आले की बरेच जण पेस्ट बदलतात. दुखणे मात्र त्याहून खोल असते. दातांवर साचलेल्या जिवाणूंच्या थराशी शरीराची प्रतिकारयंत्रणा लढते. ही लढाई आवरली नाही, तर तिची झळ दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाला बसते आणि न किडलेला दातही हलू लागतो.

ही लढाई आवरण्याचे काम ‘नियामक टी-पेशी’ करतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली. या संशोधनासाठी त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५चे नोबेल मिळाले. आजारी हिरडीतही या पेशी असतात, पण त्यांचा लगाम अपुरा पडतो. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी या पेशींना हिरडीकडे खेचणारे सूक्ष्म कण उंदीर व कुत्र्यांवर वापरले, तेव्हा हाडाची झीज कमी झाली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण प्राण्यांवरील प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. आज हाताशी असलेला उपाय साधाच आहे : किटण काढून घेणे, मशेरी-तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात ठेवणे. सफाईने दात सैल होतात, हा गैरसमज आहे; सैल झालेला दात किटणाखाली झाकलेला असतो, इतकेच. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या मधुमेह वाढवतात. म्हणूनच मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत ‘हिरड्यांतून रक्त येते का?’ हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.