पहिल्या पावलाची कळ

सकाळी जाग येते, पलंगावरून खाली उतरून आपण उभे राहतो आणि पहिल्याच पावलाला टाचेत काटा रुतावा तशी कळ उठते. भिंतीचा आधार घेत, चवड्यावर भार देत न्हाणीघर गाठावे लागते. दहा-वीस पावले पडली की वेदना ओसरते आणि आपण ती विसरून दिवसाच्या रगाड्यात शिरतो. दुपारी तासभर बसून उठावे तर पुन्हा तीच कळ. रात्री ओटा आवरून होईपर्यंत टाच ठणकू लागलेली असते. वाचकहो, ही हकीकत आपल्या ओळखीची असेल, तर आजचा लेख आपल्यासाठी आहे.

या विकाराला वैद्यकात ‘प्लान्टर फॅसायटिस’ म्हणतात. साधारणपणे दहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी त्याचा त्रास होतो आणि चाळिशी ते साठी या वयात तो अधिक आढळतो. तो जिवावर बेतत नाही, म्हणून घरात त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु टाच दुखते म्हणून फिरणे सुटते, फिरणे सुटले म्हणून वजन आणि रक्तातील साखर वाढते, आणि वाढलेले वजन पुन्हा त्याच टाचेवर येते. हे चक्र थांबवणे आपल्या हाती आहे, हेच आज सांगावयाचे आहे.

दुखते ते नेमके काय?

टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा एक चिवट पट्टा तळपायात असतो. पायाची कमान धनुष्य मानली, तर हा पट्टा म्हणजे त्याची प्रत्यंचा. चालताना टाच उचलली जाते आणि बोटे मागे वळतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या मुळाभोवती ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल पुढे ढकलण्याइतके ताठ होते. ही रचना इंग्लंडमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली उलगडून दाखविली. प्रत्येक पावलागणिक हा ताण पट्ट्याच्या टाचेकडील टोकावर येतो.

रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते आणि पट्टा आखडतो. सकाळी त्यावर एकदम सर्व देहाचा भार पडतो. पहिल्या पावलाची कळ ती हीच.

टाचेतला ‘काटा’

क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला टोक आलेले दिसले की ‘हाड वाढले आहे’ या शब्दांनी घर हादरते. हे टोक कापून काढल्यावाचून सुटका नाही, अशी समजूत होते. वस्तुतः ज्यांची टाच कधीही दुखली नाही अशा अनेकांच्या चित्रातही ते दिसते आणि ज्यांची टाच ठणकते अशा अनेकांत ते नसते. वेदना पट्ट्याची आहे, टोकाची नव्हे. ते टोक तसेच राहूनही टाच पूर्ण बरी होते.

दुसरी समजूत सुजेची. २००३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांच्या ऊतींची तपासणी केली असता तेथे सुजेपेक्षा झिजेच्या खुणा आढळल्या. म्हणजेच सोसण्याच्या शक्तीपेक्षा भार अधिक पडत गेला आणि दुरुस्ती मागे पडली. वेदनाशामक गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते, पण झीज भरून येत नाही. शिवाय अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होऊ शकतो.

भार वाढण्याची कारणे आपल्या दिनक्रमातच असतात. कठीण फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभे राहणे, आखडलेल्या पोटऱ्या, वाढलेले वजन, झिजलेल्या किंवा अगदी सपाट, पातळ तळाच्या चपला, आणि सराव नसताना एकाएकी वाढवलेले चालणे. शिक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, दुकानातील विक्रेते यांच्याबरोबरच ओट्याशी उभी राहणारी गृहिणीही या यादीत आहे. वारीला निघणाऱ्यांनी महिना-दोन महिने आधीपासून हळूहळू चालणे वाढवावे, ते याचसाठी.

पाय टेकवण्यापूर्वी

पहिला उपाय पलंगावरच करावयाचा आहे. उठून बसावे. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. हाताने सर्व बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपावा. पट्टा दोरीसारखा ताठ लागला की ताण योग्य बसला आहे. सावकाश १० अंक मोजावेत आणि सोडावे. असे १० वेळा. दिवसातून ३ वेळा हा व्यायाम करावा. त्यातील पहिली खेप पाय जमिनीला लागण्यापूर्वीचीच असावी. बराच वेळ बसून उठतानाही त्याची आठवण ठेवावी. २००३ सालीच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात, केवळ पोटरीचा ताण घेणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांची पहिल्या पावलाची वेदना आठ आठवड्यांत अधिक कमी झाली होती.

पोटरीचा ताणही सोडू नये. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ व टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पुढे झुकावे आणि अर्धा मिनिट थांबावे.

पट्ट्याला बळ देणे

ताणाने आराम मिळतो, परंतु पट्ट्याची सोसण्याची शक्ती वाढवावयाची तर त्याला बेताबेताने भार द्यावा लागतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली एक साधा व्यायाम अभ्यासला. जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. ३ अंक मोजत टाच वर न्यावी, २ अंक थांबावे, ३ अंक मोजत खाली आणावी. हा व्यायाम एक दिवसाआड करावा. तीन महिन्यांनी या गटातील रुग्णांची वेदना केवळ ताण घेणाऱ्यांपेक्षा कमी होती. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. नवख्यांनी दोन्ही पायांवर, कठडा धरून आरंभ करावा आणि व्यायामचिकित्सकाकडून एकदा पद्धत पाहून घ्यावी. व्यायामानंतर थोडी वेदना चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर प्रमाण कमी करावे.

घरातील चप्पल, बर्फ आणि रुईचे पान

आपल्याकडे घरात चप्पल घालणे प्रशस्त मानत नाहीत. त्यावर मार्ग सोपा आहे. मऊ, जाड तळाचा आणि कमानीला आधार देणारा एक जोड केवळ घरासाठी ठेवावा. तो उंबऱ्याबाहेर नेऊ नये. देवघरापाशी तो काढावा आणि तेथे दुहेरी घडी घातलेली सतरंजी अंथरावी. ओट्यापुढेही जाड रबरी चटई असावी. बुटात घालावयाच्या महागड्या, मापाच्या गाद्या बहुतेकांना लागत नाहीत. तयार मिळणाऱ्या चांगल्या गादीनेही तितकाच लाभ होतो.

संध्याकाळी टाच ठणकत असेल तर पाणी गोठवलेली बाटली पंच्यात गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटे फिरवावी. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेक घेण्याची पद्धत अनेक घरांत आहे. शेकाने तात्पुरते बरे वाटते. परंतु मधुमेह्यांच्या तळव्याची संवेदना मंदावलेली असू शकते. त्यांना चटका कळत नाही आणि भाजलेली जखम पुढे चिघळते. त्यांनी वीट आणि बर्फ दोन्ही टाळावे. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, हेही लक्षात असू द्यावे.

इंजेक्शनचा मोह

काही महिने उलटले की ‘एक इंजेक्शन घेऊन मोकळे व्हावे’ असे वाटू लागते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने कळ कमी होते, पण तो आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो. वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याची आणि टाचेखालील चरबीची नैसर्गिक गादी विरळ होण्याची भीती असते. म्हणून तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांशी सविस्तर बोलूनच घ्यावा. शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते.

घरातील इतरांसाठी

‘विश्रांती घ्या’ असे डॉक्टर लिहून देतात. पण ज्या बाईच्या वाट्याला सकाळचा डबा, दुपारचे जेवण आणि रात्रीची भांडी आहेत, तिने ती कोणत्या वेळी घ्यावी? टाचदुखीतील विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून राहणे नव्हे, तर सलग उभे राहण्याचा वेळ तोडणे. पोळ्या लाटणे, भाजी निवडणे ही कामे टेबलाशी बसून होऊ शकतात. भांडी आणि कपडे वाळत घालणे ही उभ्याची कामे काही महिन्यांसाठी घरातील इतरांनी उचलावीत. या औषधाची चिठ्ठी सबंध कुटुंबाच्या नावे आहे. तिने मात्र चालणे सोडू नये. जेवढे चालून दुसऱ्या सकाळी कळ वाढत नाही, तेवढे चालत राहावे.

डॉक्टरांकडे त्वरित कधी जावे?

इजेनंतर पायावर भारच देता येत नसेल, टाच लाल व गरम होऊन ताप आला असेल, तळव्याला बधिरता किंवा जळजळ असेल, विश्रांतीतही रात्री झोपमोड होत असेल, अथवा मधुमेह्याच्या पायाला जखम असेल तर थांबू नये. तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल तर ते संधिवाताचे लक्षण असू शकते. आठ ते चौदा वयाच्या खेळकर मुलांची टाचदुखी ही बहुधा वाढत्या हाडाशी निगडित असते. तिला वरील उपाय जसेच्या तसे लागू करू नयेत.

बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेवाचून बरी होते, पण त्यास काही महिने, क्वचित वर्षही लागते. म्हणून आजच दिनदर्शिकेवर खूण करावी. रोज सकाळी पहिल्या पावलाच्या वेदनेला शून्य ते दहांपैकी गुण देऊन ते त्या तारखेच्या चौकटीत लिहावेत. रोजच्या चढउताराने खचू नये. महिन्याची महिन्याशी तुलना करावी. व्यायाम नेमाने करूनही तीन महिन्यांत आकडा उतरला नाही, तर तेच पान घेऊन डॉक्टरांकडे जावे.