आधी वापसा, मग जेसीबी

नागपूरहून बैतूलच्या वाटेला लागलं की पांढुर्णा येतं आणि सावनेरवरून छिंदवाड्याकडे वळलं की सौसर. ऑक्टोबर २०२३मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, घरात मराठी आणि वावरात संत्रा. दोन्ही रस्त्यांच्या कडेला आता पिवळी यंत्रं उभी दिसतात. टायरवर चालणारा तो जेसीबी, साखळीवर चालणारा तो पोकलँड. शेततळं खणायचं असो, नाला खोल करायचा असो की धुरा सरळ करायचा असो, पहिला फोन जातो तो जेसीबीवाल्याला. जेसीबी रस्त्यावरून स्वतः चालत येतो. चेनच्या मशीनला ट्रेलर लागतो, आणि ट्रेलरचं भाडं दोन-चार तासांच्या कामाला परवडत नाही.

ही सोय जमिनीला मात्र महाग पडते. ओल्या काळ्या वावरात टायरचं जड यंत्र घालणं थांबायला हवं आणि ते थांबवणं शेतकरी, यंत्रमालक व ग्रामपंचायत या तिघांच्याही हातात आहे. टायर की साखळी, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. ज्यांनी ही यंत्रं घडवली, त्यांनी दरवेळी त्याचं उत्तर पायाखालच्या मातीत शोधलं.

साखळीचा जन्म शेतातच झाला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराजवळची जमीन कुजलेल्या वनस्पतींची, मऊ आणि दलदलीची. तिथे वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. बेंजामिन होल्टने चाकं रुंद केली, आणखी रुंद केली, तरी भागेना. अखेर नोव्हेंबर १९०४मध्ये त्याने मागची चाकं काढून तिथे लाकडी पट्ट्यांची फिरती साखळी बसवली आणि यंत्र त्या चिखलावरून चालत गेलं. वजन तेवढंच होतं, फक्त ते मोठ्या पृष्ठभागावर वाटलं गेलं. पुढे १९२५मध्ये होल्ट आणि बेस्ट या कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर उभी राहिली. त्याच सुमारास कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज आणि अर्ल मॅक्लाउड यांनी नळासाठी खणलेले चर बुजवायला ट्रॅक्टरपुढे लोखंडी पातं लावलं. साखळी आणि पातं एकत्र आलं आणि बुलडोझर तयार झाला.

टायरची कथाही स्टॉकटनचीच आहे. रॉबर्ट गिल्मर लटूर्नो हा तिथला मेकॅनिक. होल्टच्या ट्रॅक्टरमागे स्क्रेपर जोडून शेतकऱ्यांच्या जमिनी सपाट करून देण्यापासून त्याने सुरुवात केली. बैलांच्या केणीचं काम तो इंजिनाकडून करून घेत होता. साखळीचा संथपणा त्याला खटकत असे. १९३२मध्ये त्याने माती वाहणाऱ्या यंत्रांना रबरी टायर लावले आणि चाळीसच्या दशकात टूर्नाडोझर आणला: चार भलेमोठे टायर आणि पुढे पातं. साखळीचा डोझर ताशी दहा किलोमीटरच्या आसपास रेंगाळत असताना हा तीस किलोमीटरपर्यंत पळे. १९६३मध्ये कॅटरपिलरनेही ८२४ आणि ८३४ हे टायरचे डोझर बाजारात आणले.

तरीही टायरने साखळीला हटवलं नाही. दोघांनी कामं वाटून घेतली. उघड्या खाणीत शॉव्हेल डंपर भरतो तेव्हा टोकदार दगड खाली सांडतात आणि डंपरचे महागडे टायर फाडतात. ते चटकन झाडून दुसऱ्या शॉव्हेलकडे धावणं हे टायरच्या डोझरचं काम. कडक, सपाट, कोरडी जमीन आणि लांब फेऱ्या असतील तर टायर. चढ, दलदल, मऊ माती आणि जोराचा रेटा असेल तर साखळी. साखळी फुकट मिळत नाही. अशा यंत्राच्या देखभालीतला जवळपास निम्मा खर्च तिच्या पट्ट्या, रोलर आणि दाते खातात. तरीही मऊ जमिनीत जगभर तीच वापरली जाते.

भारतात ही यंत्रं महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणात आली. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने १९४५मध्ये कॅटरपिलरशी करार केला. युद्धातली उरलेली यंत्रं स्वस्तात मिळत होती, ती घ्यायला भांडवल हवं होतं, आणि त्यातूनच फेब्रुवारी १९४६मध्ये ही भागीदारी पेढी कंपनी झाली. पुढे याच कंपनीने फ्रान्सच्या पोक्लेनशी हात मिळवून पवईत हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर बनवले. पांढुर्ण्याच्या चौकातला ‘पोकलँड’ हा शब्द त्या फ्रेंच नावावरून आला आहे.

या भागाला त्याहून जवळचं उदाहरण सातपुड्यापलीकडे आहे. स्वातंत्र्यानंतर होशंगाबाद, सागरकडच्या काळ्या जमिनींत कांस गवताने थैमान घातलं होतं. मुळं इतकी खोल की बैलांचा नांगर पोचत नसे. केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली आणि १९४९मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते मुख्यतः या कामाच्या अवजड ट्रॅक्टरांसाठी. ते ट्रॅक्टर साखळीचे होते आणि खोल नांगरट कोरड्या महिन्यांतच चाले. सरकारी यंत्रणेला तेव्हा जे कळलं होतं, ते आज दोन तासांच्या भाड्याच्या घाईत विसरलं जातं.

हिशेब अगदी सरळ आहे. साखळीवरचा मध्यम डोझर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा ते पाऊण किलो दाब देतो. टायरखालचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळपास असतो, म्हणजे दोन ते तीन किलो किंवा जास्तच. जेसीबीचं वजन साडेसात टनांच्या आसपास असतं. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि दाबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. उन्हाळ्यात भेगा पडून वरचा थर काही प्रमाणात पुन्हा मोकळा होतो, हे खरं. पण जड यंत्राचा भार वरच्या थरावर थांबत नाही. तो खाली उतरतो आणि तिथला घट्ट झालेला थर वर्षानुवर्षं टिकतो. म्हणूनच वीस टनांचा पोकलँडही ओल्या वावरात निर्धोक नाही. साखळीमुळे वरचा दाब कमी होतो, एकूण वजन काही कमी होत नाही.

संत्र्याला हे सोसत नाही. अन्न शोषणारी त्याची तंतुमुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटात पसरलेली असतात. खालचा थर घट्ट झाला की पावसाचं पाणी मुळांशी साचतं आणि तिथे फायटोप्थोरा बुरशीला रान मोकळं मिळतं. तिच्यामुळे होणारा डिंक्या या पट्ट्यातल्या बागायतदारांना चांगलाच ठाऊक आहे. त्यावर औषधाचा खर्च दरवर्षी होतो, पण बागेत यंत्र कधी आणि कसं घातलं होतं, याची आठवण कोणी काढत नाही.

दुसरं नुकसान पात्याने होतं. पांढुर्ण्याकडे दख्खनच्या काळ्या कातळाचा उतार आहे. टेकडीच्या अंगावर माती हात-दीड हात आणि खाली मुरूम. वावर सपाट करताना पातं सरसकट फिरलं की माती खड्ड्यात जाते आणि उघड्या मुरमावर बाग लावायची वेळ येते. सौसर परिसरात भूगर्भच वेगळा. तिथल्या जुन्या रूपांतरित खडकांच्या समूहाला भूशास्त्रात सौसरचंच नाव आहे. लुईस फर्मरने १९०९च्या आपल्या मँगनीजवरच्या ग्रंथात हा पट्टा बारकाईने नोंदवला. सौसरजवळच्या सीतापारवरून एका खनिजाला सीतापाराइट हे नावही मिळालं होतं. एकाच जिल्ह्यात जमिनीचे इतके प्रकार असताना सगळीकडे एकच यंत्र आणि एकच पद्धत चालणार नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. सपाटीकरणात आधी वरची फूटभर माती बाजूला ढिगात काढावी, खालचा थर समतल करावा आणि मग ती माती परत पसरावी. यंत्राचे तास वाढतील, पण वावर वाचेल. बागेत यंत्र जाणारच असेल तर त्याची एकच वाट ठरवावी, म्हणजे बाकीची जमीन दबणार नाही. चेनच्या मशीनच्या ट्रेलरचं भाडं शेजारच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी वाटून घेतलं तर ते परवडेल. ग्रामपंचायतीने आणि कृषी विभागाने शेततळं किंवा नाला खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात कामाचा हंगाम आणि यंत्राचा प्रकार लिहून घ्यावा. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोन्ही संस्था नागपुरात आहेत. त्यांनी या भागातल्या ऑपरेटरांना प्रशिक्षण द्यावं. पातं कसं धरायचं हे त्या तरुणांना उत्तम येतं. माती कशी वाचायची, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

पावसाळ्यात बांध फुटला तर थांबता येत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. त्या वेळी धुऱ्यावरून किंवा गाडीवाटेवरून काम करावं, वावरात उतरू नये. बाकीची बहुतेक कामं थांबू शकतात. पोळा आणि गोटमारीच्या दिवसांत जाम नदीकाठच्या जमिनी ओल्या असतात. तेव्हा यंत्र बोलावण्याआधी वावराच्या मधोमध वीतभर खड्डा करून तळाची मूठभर माती घ्यावी, लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. फुटून विखुरला तर वापसा आला आहे. चपटा होऊन पडला तर जेसीबी धुऱ्याबाहेरच उभा राहू द्यावा आणि आठ दिवसांनी पुन्हा लाडू वळून पाहावा.