जनरल रजिस्टरांतील १ जून

गेल्या नाताळच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी वेसाव्याहून तरीनें मढास आला आणि पेढ्यांचा पुडा हातीं देऊन ओट्यावर बसला. कोळीवाड्यांत वाढलेला हा मुलगा आज स्वीडनमधील गोटेनबर्ग या बंदराच्या शहरीं एंजिनियर आहे. तेथील हकीकत सांगतां सांगतां तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या हातची तारीख मी तिकडे रोज पाठ म्हणतों." मला मात्र हंसूं आलें नाहीं. कां, तें वाचकांस सांगतों.

परदेशीं गेलेल्यानें प्रथम घर पाहावें, मग ब्यांकेंत खातें उघडावें, असा आपला समज असतो. स्वीडनमध्यें या सर्वांआधीं नोंद लागते. वर्षभर किंवा अधिक राहावयास आलेल्यानें करखात्याच्या कचेरींत सहकुटुंब जातीनें हजर व्हावयाचें आणि पारपत्र, निवासाचा परवाना, विवाहाचा दाखला व मुलांचे जन्मदाखले पुढें ठेवावयाचे. कागद पटले म्हणजे कांहीं आठवड्यांनीं त्यास एक क्रमांक मिळतो. ब्यांक, दवाखाना, औषधांचें दुकान, सर्वत्र तोच विचारतात. त्यानें नागरिकत्व मिळत नाहीं. हा मनुष्य येथें राहतो, एवढेंच ठरतें.

आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं पहिलें आधार दिलें गेलें. त्याच्या १२ अंकांत माणसाविषयीं कांहींच सांगितलेलें नसतें. स्वीडनचा १९४७ पासूनचा क्रमांक तसा नाहीं. त्याच्या दहा अंकांपैकीं पहिले सहा जन्माचें वर्ष, महिना व दिवस सांगतात, नववा विषम असला तर पुरुष, सम असला तर स्त्री, दहावा पडताळ्याचा. या नोंदी १९९१ च्या मध्यापर्यंत तेथील चर्चचे धर्माधिकारी ठेवीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरीं आपल्या कुळाची वही काढून बसणारे तीर्थोपाध्याय ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

आतां माझी गोष्ट. सुमारें तीस वर्षांपूर्वीं किनाऱ्यावरील एका शाळेंत मी पहिलीचे प्रवेश लिहीत होतों. या मुलाची आई टोपली खालीं ठेवून म्हणाली, "नारळी पुनवेच्या दोन दिवस आधीं झाला, गुरुजी." वर्ष तिला ठाऊक होतें, तारीख नव्हती. श्रावणांतला जन्म धरला तर जूनमध्यें वय दोन-अडीच महिन्यांनीं अपुरें पडत होतें आणि मुलाचें वर्ष वांया जात होतें. मीं जनरल रजिस्टरांत १ जून लिहिलें. त्या काळीं अशा कित्येक मुलांचा जन्म आम्हां शिक्षकांच्या लेखणीनें १ जूनला झाला! ज्या घरांत घटकापळांनिशीं पत्रिका होती, त्याही घरांतील मुलांस ही तारीख चुकली नाहीं.

रजिस्टरावरून शाळा सोडल्याचा दाखला निघाला, दाखल्यावरून पारपत्र, आणि पारपत्रावरून स्वीडनचा क्रमांक. आमच्या शाळेच्या कपाटांत पडून राहावयाची ती तारीख समुद्र ओलांडून त्याच्या नांवाइतकीच त्याची झाली. दुरुस्त करावी, तर मागचे सारे कागद खोटे ठरतात. तेथें अनेक परकीयांच्या तारखा १ जानेवारी किंवा १ जुलै अशाच निघाल्या. त्यामुळें कांहीं दिवसांचे क्रमांक संपून शेजारची तारीख द्यावी लागली, असेंही त्यानें सांगितलें. म्हणजे असे गुरुजी जगांत सर्वत्र झाले असावेत. पण तेवढ्यानें माझें समाधान होत नाहीं.

"वर्ष वाचलें म्हणून शिष्यवृत्ति मिळाली," असें तो माझ्या समाधानासाठीं म्हणाला. तें खरेंही असेल. पण त्याची आई आतां नाहीं, आणि त्याचा खरा दिवस सांगणारा कागद कोठेंच नाहीं.

म्हणून ज्या घरांतून मुलगा, मुलगी किंवा सून परदेशीं निघाली आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस माझी विनंति आहे, कीं लोणच्याची बरणी बांधण्यापूर्वीं कागद एका ओळींत मांडावे. पारपत्रांतील नांव, विवाहाच्या दाखल्यावरील नांव आणि मुलांच्या दाखल्यांतील आईचें नांव अक्षरशः जुळतें कीं नाहीं, तें पाहावें. सुनेचें माहेरचें नांव एका कागदावर आणि सासरचें दुसऱ्यावर, ही आपल्याकडील नेहमींची गफलत तिकडे आठवडे खाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळेसाठीं व पारपत्रासाठीं जन्मदाखलाच प्रमाण झाला आहे. तेव्हां तो वेळींच आणि बिनचूक घ्यावा.

आपण संकल्प सोडतांना आधीं देश आणि काल उच्चारतों, मग कर्मास लागतों. त्यांतील देश माझ्या विद्यार्थ्यानें नीट सांगितला; काल मीं चुकविला. निघतांना त्यानें वाकून नमस्कार केला. येत्या नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधीं त्यास आशीर्वादाचें पत्र पोंचेल, अशा बेतानें तें टाकण्याचें मीं ठरविलें आहे.